संमतीपूर्वीचा संवाद : कॅथलिक समाजातील ओळख, प्रियाराधन आणि विवाह

विवाह हा ज्या समाजात संस्कार मानला जातो, तो एकदा यथाविधी संपन्न झाल्यावर मृत्यूखेरीज अन्य कारणाने सुटत नाही अशी ज्याची श्रद्धा आहे, आणि घटस्फोटाच्या न्यायालयीन हुकूमनाम्यालाही ज्याचे धर्मपीठ पुनर्विवाहापुरते प्रमाण मानत नाही, त्या समाजातील तरुण आणि तरुणी परस्परांशी पहिला शब्द कोठे, कोणाच्या देखत आणि कोणत्या निमित्ताने बोलतात, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटला तरी त्या समाजाच्या सबंध नीतिव्यवस्थेची परीक्षा पाहणारा आहे. या लेखात मुख्यतः दोन समाज डोळ्यांसमोर ठेवले आहेत : १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या वसई आणि तिच्या दक्षिणेकडील मुलुखातला मराठीभाषक कॅथलिक समाज, ज्यात सामवेदी, वाडवळ, कोळी अशा अनेक ज्ञाती आहेत आणि ज्यातील मुंबई-साष्टीकडील मंडळींनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, आणि दुसरा गोव्याचा कॅथलिक समाज. इतर देशांकडे आवश्यक तेवढीच दृष्टी टाकली आहे.

प्रथम धर्मशास्त्राची बाजू पाहू, कारण या विषयात सर्वसाधारण समजूत आणि प्रत्यक्ष शास्त्र यांच्यात मोठे अंतर आहे. कॅथलिक विवाह धर्मगुरू लावून देतो असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः पाश्चात्त्य परंपरेच्या धर्मसभेत हा संस्कार वधू आणि वर स्वतःच एकमेकांना देतात आणि धर्मगुरू धर्मसभेच्या वतीने त्याला साक्षी असतो. दोघांनी मोकळ्या मनाने उच्चारलेली संमती हाच विवाहाचा प्राण, हे तत्त्व बाराव्या शतकात पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या निर्णयांनी दृढ झाले. पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेपुढे हा विषय आला तेव्हा आईबापांच्या परवानगीवाचून झालेला विवाह रद्दबातल ठरवावा असा फ्रान्सच्या राजसत्तेचा आग्रह होता. परंतु परिषदेने, अशी लग्ने धर्मसभेला नापसंत आहेत हे नमूद करूनही, तो आग्रह मान्य केला नाही, उलट असे विवाह मुळातच पोकळ आहेत असे म्हणणारास दोषी ठरवले. गुप्त लग्नांना आळा बसावा म्हणून धर्मग्रामाचा (पॅरिशचा) धर्मगुरू व किमान दोन साक्षीदार यांची उपस्थिती मात्र तिने आवश्यक केली. आजच्या, म्हणजे १९८३ च्या, धर्मसंहितेच्या १०५७ व्या कलमात ही संमती जगातील कोणतीही सत्ता दुसऱ्याच्या वतीने देऊ शकत नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि ११०३ व्या कलमाने जबरदस्तीने किंवा गंभीर भयापोटी दिलेली संमती निरर्थक ठरते.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे एक गोष्ट उघड होते. ज्या धर्माने लग्नाचा सारा भार दोन व्यक्तींच्या होकारावर ठेवला, त्याने तो होकार देण्यापूर्वी त्या दोघांना परस्परांची ओळख करून घेण्याची सोय करून दिली पाहिजे. जिच्याशी किंवा ज्याच्याशी दहा वाक्ये मोकळेपणी बोलणे झाले नाही त्याला दिलेला होकार कायद्याने ग्राह्य असला तरी अंतःकरणाने अपुराच राहतो. ही सोय समाजाने कशी केली, कोठे केली आणि कोठे केली नाही, एवढाच या आढाव्याचा विषय आहे.

या सोयीची गरज किती तीव्र होती हे समजण्यासाठी नात्यांच्या नियमांकडे वळावे लागते. महाराष्ट्रातील अनेक हिंदू जातींत मामाच्या मुलीशी लग्न करणे केवळ चालतेच असे नव्हे तर कैक घरांत तो भाच्याचा हक्क समजला जातो. कॅथलिक धर्मकायद्याने हा मार्ग एरवी बंद केला. १२१५ च्या लॅटरन परिषदेने निषिद्ध नात्यांची मर्यादा सात पिढ्यांवरून चार पिढ्यांवर आणली. १९१७ च्या संहितेने ती तीनवर, म्हणजे आजोबांच्या भावंडांच्या नातवंडांपर्यंत, आणली. आज ती सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांपाशी थांबते. याशिवाय बाप्तिस्म्याच्या वेळी उभ्या राहणाऱ्या धर्मपित्याचे आणि धर्ममातेचे नाते हेही दीर्घकाळ विवाहाला अडथळा मानले जाई; तो अडथळा १९८३ मध्ये गेला. विशेष परवानगी मागता येत असे हे खरे. पण शेदीडशे घरांच्या गावात, जेथे प्रत्येक घर दुसऱ्या घराशी रक्ताने वा बाप्तिस्म्याने जोडलेले, तेथे या नियमांचा परिणाम काय होत असेल याची कल्पना करावी. बाहेरून जातीने कुंपण घातलेले आणि आतून धर्मसभेने अर्धी घरे वर्ज्य केलेली, असा हा पेच होता. अर्थात जोडीदार आपल्याच ज्ञातीतला पण दुसऱ्या गावचा शोधावा लागे, आणि दुसऱ्या गावच्या माणसाशी भेट होण्याचे प्रसंग वर्षातून मोजकेच येत.

म्हणून मध्यस्थाला महत्त्व आले. गोव्यात त्याला कोठे रायबारी तर कोठे माळी म्हणत. दोन्ही घरांची जमीन, कर्ज, आजार, भांडणे यांची त्याला खडान्‌खडा माहिती असे. वसईकडे हे काम बहुधा आत्या, मावशी किंवा मामा यांच्याकडे असे. सोयरिकीची बोलणी, मागणी, साखरपुडा हे टप्पे नावानिशी शेजारच्या हिंदू घरांतल्यासारखेच होते. साखरपुडा झाल्यावर नावे लागोपाठ तीन रविवारी मिस्सेच्या वेळी जाहीर होत आणि कोणास हरकत असल्यास ती कळवण्याचे आवाहन होई. या जाहिरनाम्याचा हेतू फसवणूक टाळणे हा होता आणि तो स्तुत्यच होता. तथापि ज्या मुलीला नियोजित वराचा आवाज नीट ऐकण्याची संधी मिळाली नसे, तिच्या मनातली हरकत विचारण्यासाठी या तीन रविवारांत स्वतंत्र जागा नव्हती.

आता या व्यवस्थेच्या उजळ बाजूकडे येतो, आणि येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण बाहेरच्या लेखकांनी या बाजूची उपेक्षा केली आहे. या समाजाने संवादावर बंदी घातली नव्हती. त्याने संवादाला उघड्यावर, सर्वांच्या देखत, कामाच्या निमित्ताने जागा दिली होती. दर चर्चचा सण निरनिराळ्या तारखेला येतो. आपल्या गावचा सण झाला की पुढच्या महिन्यात आत्याच्या गावचा, त्यानंतर मामाच्या. अशा रीतीने सबंध वर्षभर तरुण मंडळी नात्याच्या आधाराने गावोगाव पाहुणी म्हणून जात. वांद्र्याच्या मोतमावलीची सप्टेंबरातली आठ दिवसांची जत्रा तर सबंध मुंबईच्या ख्रिस्ती समाजाला एकत्र आणी. गोव्यात फेस्ताच्या फेरीतून गुळाआल्याचे खाजे विकत घेऊन घरी नेण्याची पद्धत आहे; त्या दुकानाच्या गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या मुलीला ते देऊ करणे आणि तिने ते घेणे किंवा न घेणे ही पुरेशी बोलकी गोष्ट होती.

सणाहूनही लग्नघर महत्त्वाचे. आगमनकाळ आणि उपवासकाळ यांत थाटाची लग्ने होत नसल्यामुळे ती नाताळनंतरच्या आठवड्यांत आणि ईस्टरनंतर दाटीवाटीने येतात, आणि त्या दिवसांत एकच तरुण महिन्यातून चार मांडवांत राबताना दिसतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणतात. रात्री अंगणात मोठी चूल पेटते आणि बायका फुगे तळायला बसतात. आंबवलेले सैल पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून त्याचा गोळा दाबून बाहेर काढावा आणि तो उकळत्या तेलात अलगद सोडावा, हे काम नवख्या मुलीला लगेच जमत नाही. मावश्या तिला हसतात, पुन्हा शिकवतात. सरपण आणून टाकणारा मुलगा चुलीपाशी क्षणभर रेंगाळतो आणि ‘अजून लागेल का?’ असे विचारतो. प्रश्न सरपणाचा असतो आणि उत्तरही सरपणाचेच येते. तासाभराने तोच विचारतो, ‘तुम्ही कोणाकडच्या? नवरीकडच्या की नवऱ्याकडच्या?’ एवढ्या दोन वाक्यांत गाव कळते, घराणे कळते, नात्याचा निषेध आड येतो की नाही याचाही अंदाज लागतो, आणि भोवती बसलेल्या दहा बायकांपैकी एखादी आत्या ते सारे ऐकून मनात ठेवते. दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर तीच आत्या मुलाच्या आईच्या कानावर घालते. बोलण्याचा आरंभ करण्यास काहीतरी काम हाताशी असावे, बोलणे तिसऱ्याला ऐकू जाईल अशा अंतरावर व्हावे, आणि माघार घ्यावीशी वाटल्यास ‘मी तर सरपणाचे विचारत होतो’ असे म्हणण्याची मुभा दोघांनाही राहावी, या तीन गोष्टी त्या अंगणाने साधल्या. नकाराने कोणाची लाज जात नसे, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होय.

गोव्याच्या सधन घरांत हेच कार्य मांड्याने केले. एकोणिसाव्या शतकात साष्टी तालुक्यातील कुडतरी, लोटली, मडगाव या परिसरात बहरलेला हा गीतप्रकार घुमट आणि व्हायोलिन यांच्या साथीवर, संथ लयीत, बहुधा लग्नाच्या निमित्ताने गायला जाई. पुरुष एका रांगेत आणि स्त्रिया दुसऱ्या रांगेत समोरासमोर उभे राहत; स्त्रियांच्या अंगावर तोरोप-बाजू हा विशेष पोशाख आणि हातात पंखा. रांगा एकमेकींकडे सरकत, जागा बदलत, पुन्हा मागे जात, स्पर्श नव्हताच. शब्द मात्र उत्कंठेचे, विरहाचे आणि मीलनाच्या आशेचे असत. विवाहाच्या बोलण्यांत ज्याला तोंड उघडण्याचा अधिकार नव्हता असा तरुण येथे घरच्या सर्व वडीलधाऱ्यांच्या देखत आपल्या मनातली ओढ गाऊन दाखवू शके, आणि ती गाण्यातली असल्यामुळे तिचा जाब कोणी मागत नसे. प्रियाराधनाला इतके सभ्य आणि इतके धीट रूप देणारी रीत पश्चिम किनाऱ्यावर दुसरी मला ठाऊक नाही. ती वरच्या जातींच्या दिवाणखान्यांपुरती मर्यादित होती हे मात्र विसरता कामा नये.

धर्माधिकाऱ्यांना अशा प्रसंगांचा संशय नेहमीच येत राहिला. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढून लग्नातील गाणी, विड्याची देवघेव, तेल-हळदीचे विधी इत्यादी अनेक रूढींना मज्जाव केला. कारण त्या हिंदू चालीरीतींचे अवशेष मानल्या गेल्या. फर्मान दप्तरात राहिले आणि बऱ्याच रूढी अंगणात टिकल्या. याहून कठोर उदाहरण आयर्लंडचे आहे. तेथे चव्हाट्यावर जमून नाचणाऱ्या तरुणांवर धर्मगुरूंनी दीर्घकाळ टीका केली आणि १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्याला परवाना लागू लागला. त्यानंतर खेड्यातील घरगुती नाचांनाही ओहोटी लागली. शेतीचा एकच वारस ठेवण्याची रीत आणि देशत्याग ही त्या देशातील उशिरा होणाऱ्या लग्नांची व असंख्य अविवाहितांची मुख्य कारणे होती यात शंका नाही. परंतु भेटीच्या जागा आकसल्याने त्या एकाकीपणात भर पडली, असे माझे मत आहे.

आपल्याकडे भेटीची नवी जागा दिली ती प्रथम रेल्वेने. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि वसईच्या वाडीतली फुले, भाजी आणि पाने घेऊन दादरला जाणाऱ्या बायकांबरोबर हळूहळू शिकणाऱ्या व नोकरी करणाऱ्या मुलीही त्याच फलाटावर उभ्या राहू लागल्या. दुसरी जागा खुद्द चर्चने दिली, आणि तीही फारसा विचार न करता. पूर्वी सोडॅलिटी व अन्य भक्तिसंघ मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, उपासना लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली, नवी मराठी गीते बसवावी लागली, आणि त्यासाठी मुलामुलींचा एकत्र गायकवृंद तयार झाला. गुरुवारी वा शनिवारी संध्याकाळी होणारा सराव, त्यानंतर पेटी-गिटार उचलून ठेवताना होणारे बोलणे, नाताळच्या गोठ्याची तयारी, युवा संघटनेची नाटके, यांतून जमलेली लग्ने आज वसईच्या प्रत्येक धर्मग्रामात आढळतील. त्या लग्नांविषयी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या जोडप्यांनी एकमेकांना सजवून बसवलेल्या चहाच्या कार्यक्रमात पाहिलेले नसते. सूर चुकल्यावर चिडताना, काम टाळताना, दुसऱ्याला सांभाळून घेताना पाहिलेले असते.

या सर्व जागांवर एक सावली मात्र पूर्वीही होती आणि आजही आहे. मुलगा चार मुलींशी बोलला तर तो मिळूनमिसळून वागणारा. मुलगी दोन मुलांशी बोलली तर तिचे नाव घेतले जाते, आणि ते नाव तीन रविवारांच्या जाहिरनाम्याहून लवकर गावभर पोहोचते. या कुजबुजीची किंमत केवळ मुलीने मोजावी हे अन्यायाचे आहे, आणि जो समाज मरियेच्या होकारावर आपल्या तारणाचा आरंभ मानतो त्याने तरी हा अन्याय करू नये. अनेक समंजस मुली यामुळेच आरंभी कोणालाच उत्तर देत नाहीत, आणि त्यांचे मौन म्हणजे गर्व किंवा नापसंती असा अर्थ मुले करून घेतात. ज्या तरुणाला कोणाशी बोलावेसे वाटते त्याने म्हणूनच चारचौघांत, निमित्ताने, थोडे बोलावे. आणि इच्छा स्पष्ट झाल्यावर ती आडपडदा न ठेवता सांगावी व नकार मिळाल्यास तो तेथेच पुरता स्वीकारावा. मुलीला महिनोन्‌महिने संदिग्ध ठेवण्यात तिच्या लौकिकाची हानी आहे.

दुसरी अडचण मुदतीची. गोव्याचा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा खलाशी, काही आठवड्यांच्या रजेवर येई. त्या अवधीत मुलगी पाहणे, बोलणी आणि लग्न एवढे सर्व उरकून तो पुन्हा बोटीवर चढे. आखाती देशांतील नोकऱ्यांनी हीच घाई वसईतही आणली. अशा घाईत मध्यस्थाची जागा जाहिरातीने घेतली. मुंबई धर्मप्रांताच्या, १८५० पासून चालत आलेल्या ‘द एक्झामिनर’ साप्ताहिकातील विवाहविषयक मजकूर वाचला तर वय, शिक्षण, उंची आणि समाज इतकेच नेमके कळते. स्वभाव कळत नाही. आता भ्रमणध्वनीवरून बोलण्याचा आरंभ सर्वांत सोपा झाला आहे. ज्यांना आत्या-मावशांच्या नजरेचा जाच होता त्यांना त्यातून खरी मोकळीक मिळाली, हे मी आनंदाने मान्य करतो. पण अंगणातील संवादाला जे साक्षीदार होते ते येथे नाहीत; रात्रीच्या संदेशात माणूस स्वतःविषयी जे सांगतो ते पडताळणारे कोणी नसते, आणि ओळख प्रत्यक्ष सहवासात येण्यापूर्वीच भावना फार पुढे गेलेली असते.

जातीविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याबाबत माझ्या मनात संदेह नाही. गोव्यात बामण, चार्दो आणि शूद्र हे भेद ख्रिस्ती झाल्यावरही राहिले आणि अनेक गावांत कॉन्फ्रारियांचे, म्हणजे चर्चमधील भक्तिसंघांचे, सभासदत्वही त्यानुसार ठरे. वसईत सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती एकाच वेदीपुढे गुडघे टेकत आणि सोयरिकी मात्र वेगळ्या करीत. केरळातील क्नानाय समाजासाठी १९११ मध्ये स्वतंत्र धर्मविभागच झाला आणि तेथील अंतर्विवाहाचा वाद न्यायालयांपर्यंत पोहोचला. बाप्तिस्म्याने सर्व एक झाले असे शिकवणाऱ्या धर्मात हा भेद लग्नाच्या वेळी उभा राहणे अक्षम्य आहे. गायकवृंदात जुळलेली जोडी केवळ या कारणास्तव मोडली जाते तेव्हा आईबाप धर्माच्या नावाने बोलत असतात, पण धर्मकायद्यातील एकही कलम त्यांच्या बाजूने नसते. अन्य धर्मीयाशी विवाहाची गोष्ट निराळी. तेथे धर्मसभा विशेष परवानगी मागते, कॅथलिक पक्षाकडून मुलांच्या श्रद्धेबाबत वचन घेते, आणि त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. तेथेही लपवाछपवीपेक्षा धर्मगुरूंकडे आरंभीच जाणे हितावह ठरते.

आता धर्मसभेच्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘फॅमिलिआरिस कॉन्सॉर्शियो’ या लेखात विवाहाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितले आहेत : बालपणापासूनची दूरची तयारी, तारुण्यातील जवळची तयारी आणि लग्नाआधीच्या महिन्यांतील निकटची तयारी. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ मध्ये, केवळ समारंभाच्या तोंडावर दिलेली शिकवण पुरत नाही असे आपल्या ‘अमोरिस लेतित्सिया’त बजावले. प्रत्यक्षात आपल्या धर्मप्रांतांची सारी शक्ती तिसऱ्या टप्प्यावर खर्च होते. विवाहपूर्व अभ्यासवर्गाला जोडपे येऊन बसते तेव्हा साखरपुडा झालेला असतो, सभागृहाची अनामत भरलेली असते, पत्रिका छापखान्यात असतात. डॉक्टर आणि समुपदेशक त्यांना संवादाचे महत्त्व समजावतात ते तेव्हा, जेव्हा त्या संवादातून ‘नाही’ असे उत्तर निघण्याला वाव उरलेला नसतो. वर्ग उपयुक्त आहेत आणि ते घेणारे लोक निष्ठेने घेतात. चूक त्यांच्या वेळेची आहे.

धर्मग्रामांच्या मंडळांना आणि पालकांना माझी विनंती आहे की, अभ्यासवर्गाचा काही भाग साखरपुड्यापूर्वीच्या तरुणांसाठी, त्यांचे लग्न ठरलेले नसताना, राखून ठेवावा. शेजारच्या धर्मग्रामांच्या युवा संघटनांनी सणांची तयारी एकत्र करावी, म्हणजे दुसऱ्या गावच्या मुलामुलींना कामाच्या निमित्ताने भेटता येईल. मागणी आणि साखरपुडा यांच्यामध्ये काही महिन्यांचे अंतर मुद्दाम ठेवावे आणि त्या अवधीत दोघांच्या भेटींना घराघरांतून मोकळीक असावी. आणि नावे चर्चमध्ये जाहीर होण्यापूर्वी धर्मगुरूंनी मुलीला, आईबाप व होणारा नवरा जवळ नसताना, तिची इच्छा विचारावी. विवाहपूर्व चौकशीत वधू आणि वर यांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारण्याची तरतूद आजही आहे. ती केवळ नोंदवहीच्या रकान्यांपुरती न ठेवता मनापासून वापरण्याचा अधिकार प्रत्येक धर्मगुरूच्या हाती आहे.